सुताराच्या बायकोचं कपाट

माझ्या माहेरी कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, की पोरगी कुणालाही द्या, पण कपाटं करणाऱ्या सुताराला देऊ नका. लग्न होऊन बारा वर्षं मी कपाटाविना संसार केला. आणि माझा नवरा कोण, तर स्वयंपाकघरातल्या कपाटांत सोलापुरात ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, तो! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात अगदी हातपाय पसरून बसला होता.

आमचं घर भवानी पेठेत. रस्त्याच्या अंगाला ह्यांचं दुकान, मागं माजघर, आणि त्याच्याही मागं स्वयंपाकघर. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ह्यांचा रंधा सुरू व्हायचा. लाकडाचा भुसा वाऱ्यानं माजघर ओलांडून थेट माझ्या परातीत यायचा. निम्मं पीठ ज्वारीचं, निम्मं सागाचं, असं मी म्हणायची. हे हसायचे आणि तीच भाकरी मागून घ्यायचे.

गिऱ्हाईक आलं की ह्यांना दहा तोंडं फुटायची. एरवी घरात विचारल्याशिवाय बोलणार नाहीत, पण कपाटाचा विषय निघाला की कीर्तनच. "मालक, नवरी बघावी पुढनं अन् कपाट बघावं पाठीमागनं," हे त्यांचं सुरुवातीचं वाक्य. "पुढल्या नक्षीवर जाऊ नका. लोक पुढं साग लावत्यात अन् पाठीला गिरणीच्या खोक्यांची फळकुटं ठोकत्यात. दोन वर्सांत वाळवीची जत्रा भरती. खण ओढून बघा, पाक भाईर काढा, त्याचा तळ बघा. बिजागरी पितळंची हाय का लोखंडाची, ती बघा. दार लावल्यावर त्याला ढकलावं लागलं तर ते दार न्हाय, ते भांडण हाय." मी आत भाकरी थापत सगळं ऐकायची. बारा वर्षांत मला ते इतकं पाठ झालं होतं, की झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगितलं असतं.

आणि माझ्या स्वयंपाकघरात काय होतं? दोन रॉकेलचे डबे, घासून घासून वास घालवलेले. एकात पीठ, एकात डाळी. गिरणीचं एक खोकं, तेच ते, ज्याला हे दुकानात नावं ठेवायचे. वर टांगलेलं शिंकं, आणि ते कसं गाठायचं हे पेठेतल्या सगळ्या मांजरांना कळलेलं. गुळाला मुंग्या, खोबऱ्याला उंदीर. कुठलीही वस्तू काढायची तर आधी तिच्यावरच्या चार वस्तू खाली उतरवायच्या. सणाच्या दिवशी तर मी स्वयंपाक कमी आणि हमाली जास्त करायची.

मग एका वर्षी ह्यांनी मनावर घेतलं आणि स्वयंपाकघर नवं केलं. शेणाची जमीन काढून शहाबादी फरशी घातली. चूल उचलून कोपऱ्यात नेली, वर धुराडं काढलं, भिंतींना चुना दिला. एवढं सगळं झालं, आणि उजव्या हाताची अख्खी भिंत मोकळी ठेवली. "हितं तुझं कपाट," हे म्हणाले. मी त्या भिंतीला एक खिळासुद्धा मारू दिला नाही. तीन वर्षं ती भिंत तशीच मोकळी राहिली. येणारी-जाणारी विचारायची, "हे काय, हितं काय ठेवायचंय?" मी म्हणायची, "माझं नशीब."

ह्यांनी कपाट केलं नाही असं नाही हो, खोटं कशाला बोलू. तीनदा केलं. पण त्यात एक गंमत होती, आणि ती कळायला मला फार वेळ लागला. माझ्यासाठी म्हणून करायला घेतलं की ह्यांचा हात आणखीच चांगला चालायचा. मग दुकानात मांडलेल्या चार कपाटांत तेवढं एकच उठून दिसायचं. येणारं गिऱ्हाईक नेमकं त्याच्यावरच बोट ठेवायचं. पहिलं एका वकिलाकडं गेलं. दुसरं गिरणीतल्या एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, लेकीच्या लग्नात गेलं. दर वेळी हे आत यायचे, मान खाली घालून पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "पुढलं तुझं." मी चिडायची, दोन दिवस अबोला धरायची, आणि मग सोडून द्यायची. भाबडा माणूस. त्याला नाही म्हणता येत नाही, आपणच समजून घ्यायचं, दुसरं काय.

पण तिसऱ्या वेळी मी समजून घेतलं नाही.

झालं असं, की आमच्या दुकानची एक रीत होती, माझ्या सासऱ्यांपासूनची. काम ठरलं की गिऱ्हाइकानं कामाच्या ठोकळ्यावर एक अख्खी सुपारी ठेवायची. ह्यांनी ती उचलून कपाळाला लावायची आणि हत्यारांच्या फळीवर ठेवून द्यायची. झालं, काम पक्कं. एकदा सुपारी उचलली की मग कुणी दुप्पट देतो म्हणो, कुणी दम देवो, ते कपाट दुसऱ्याला जायचं नाही. ह्या बाबतीत आमचे हे अगदी लोखंड. त्या दिवशी एक माणूस माझं तिसरं कपाट बघत होता. "हे कुणाचं ठरलंय का?" त्यानं विचारलं. मी आतनं कान टवकारले. आणि हे म्हणाले, "न्हाय, ह्याची सुपारी कुणाची न्हाय. न्या."

माझी तव्यावरची भाकरी करपली. कुणाची नाही! बारा वर्षं मी त्या घरात राबत होते, आणि माझं कपाट कुणाचंच नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मला कपाट गेल्याचं वाईट वाटलं नाही. उद्या कुणीही परकं माणूस येईल, सुपारी ठेवील आणि माझ्या पुढं जाऊन उभं राहील, याचं वाईट वाटलं. मला माझा नंबर पाहिजे होता.

मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी न्हाऊन-माखून ठेवणीतलं इरकली लुगडं नेसले, नथ घातली, आणि मागच्या दारानं बाहेर पडून बोळातनं वळसा घालून दुकानाच्या पुढच्या बाजूनं आले. ताकाला जायचं ते भांडं घेऊनच. दुकानात दोघं बसले होते. एक नव्या पेठेतला कापडवाला, आणि एक आमच्या शेजारचे म्हातारे विणकर, तेलुगू बोलणारे, ज्यांना आम्ही सगळी तात्या म्हणायचो.

मी पदर सारखा करून म्हटलं, "कपाट करायचंय."

ह्यांनी वर बघितलं आणि रंधा तसाच थांबला. "अगं, काय ह्ये—"

"गिऱ्हाइकाला अगं म्हणत्यात व्हय हितं?"

कापडवाला सावरून बसला. त्याला वाटलं असेल, तमाशा फुकट मिळतोय. हे कानापर्यंत लाल. मी काही त्यांच्याकडं बघितलं नाही. समोर विकायला एक कपाट उभं होतं, त्याच्याकडं गेले. पुढनं बघितलंच नाही, थेट मागं गेले. बोटाच्या पेरानं फळ्या वाजवल्या. खण ओढून पार बाहेर काढला, उलटा केला. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग म्हटलं, "दुसऱ्या फळीत सालीलगतचं पांढरं लाकूड आलंय. वाळवी हितनंच शिरती."

हे उठले, माझ्याशेजारी वाकून बघितलं. पांढऱ्याची अंगठ्याएवढी पट्टी होती खरी, खडूनं ओढल्यासारखी. कापडवाल्यानं तर तेच कपाट घ्यायचं ठरवलं होतं! तो म्हणाला, "मिस्त्री, ह्या बाईंना रोज दुकानात बसवा की."

"माझ्या कपाटात असलं चालायचं न्हाय," मी म्हटलं. "साग पाहिजे, गाभ्याचा, मुरलेला. पाठसुद्धा सागाचीच. पितळी बिजागऱ्या. दुधाच्या कप्प्याला जाळी. खिळा दिसला तर कपाट परत." आणि कमरेची सुपारी काढून ठोकळ्यावर ठेवली.

हे सुपारीकडं बघत राहिले. तात्या तोंडातलं पान सांभाळत म्हणाले, "उचल रे बाबा. लक्ष्मी दारात आली."

ह्यांनी उचलली. कपाळाला लावली. हत्यारांच्या फळीवर ठेवताना नेहमीपेक्षा मागं, भिंतीशी टेकवून ठेवली. मी तशीच वळले, बोळातनं मागच्या दारानं आत आले, आणि चुलीपाशी बसून रडून घेतलं. का ते विचारू नका. जिंकलं की बायकांना रडू येतं.

जेवताना हे एवढंच म्हणाले, "चारचौघांत माझ्या कामात खोट काढलीस."

"खोट हुती का न्हाय?"

"हुती," हे म्हणाले, आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.

मग चार दिवसांनी ते मला स्टेशनजवळच्या लाकडाच्या वखारीत घेऊन गेले. बाईमाणूस वखारीत गेलेलं तिथं कुणी बघितलं नसावं. हमाल ओझं डोक्यावर तसंच धरून बघत उभे राहिले. कानडी मुलखातनं रेल्वेनं आलेला साग रचून ठेवला होता. हे एकेक ओंडका दाखवायचे आणि गप्प राहायचे. म्हणजे मी सांगायचं! मी कापलेल्या तोंडाकडं बघितलं, वर्तुळं दाट आहेत का ते बघितलं, नखानं जरा खरवडून वास घेतला. पहिले दोन नको म्हटलं. तिसऱ्याला जुन्या चामड्यासारखा तेलकट वास होता. "ह्यो," मी म्हटलं. ह्यांनी वखारवाल्याकडं बघून मान हलवली, जणू मी त्यांचीच थोरली मिस्त्री. येताना टांग्यात म्हणाले, "तुला कळतंय की लई." बारा वर्षांत माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी बाहेर बघायला लागले, नाहीतर त्यांना माझं तोंड दिसलं असतं.

पुढं दीड महिना ते कपाट चाललं. दुसऱ्यांची कामंही चालूच होती, पण माझा वायदा कधी चुकला नाही. आणि मापं तरी किती घ्यावीत! मला भिंतीला टेकून उभं केलं आणि डोक्याशी पेन्सिलीची खूण केली. हात वर करायला लावला, चवड्यावर उभं न राहता बोटं कुठवर पोचतात ते बघितलं, आणि वरची फळी तिथंच धरली. माझे सगळे डबे, तांब्याचं घंगाळ, लोणच्याच्या बरण्या दुकानात मागवून घेतल्या, एकेकाचा घेर दोरीनं मोजला. मी हसून म्हटलं, "अहो, चोळी शिवताय का कपाट?" हे म्हणाले, "गिऱ्हाईक कजाग हाय. माप चुकून चालायचं न्हाय." पायाखाली ठेवायला दगडी वाट्या करून आणल्या, त्यात पाणी ठेवलं की मुंगी चढत नाही. सांधे लाकडात लाकूड गुंतवून लाकडी खुंट्यांनी पक्के केले. खिळा औषधालासुद्धा नाही. तयार झालं तेव्हा मी मागनं बघितलं, खालनं बघितलं, सगळे खण बाहेर काढून बघितले. खोट काढायची फार इच्छा होती, पण सापडली नाही.

चांगला दिवस बघून कपाट आत न्यायचं ठरलं. तात्या, त्यांची दोन मुलं आणि समोरचा लोहार असे चौघं आले. मी उजव्या भिंतीला हळदीकुंवाची बोटं ओढली, फरशी पुसून लख्ख केली. दुकानातनं माजघरात कपाट आलं, फुलासारखं आलं. आणि स्वयंपाकघराच्या दारात अडलं.

आडवं करून बघितलं. तिरपं करून बघितलं. पाय पुढं, डोकं पुढं. चार बोटं! चार बोटांनी दार लहान होतं.

माझ्या नवऱ्यानं उभ्या सोलापुरात गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन आधी दाराचं माप घेतलं होतं. ती तर त्यांची पहिली पायरी. "कपाट नंतर, आधी दार," असं ते लोकांना सांगायचे. आणि इथं माझी उंची मोजली, हात मोजला, बरण्या मोजल्या, आणि दार मोजलं नाही. का, तर स्वतःचं घर. स्वतःच्या घराचं माप कोण घेतो! लोका सांगे ब्रह्मज्ञान. दुसऱ्या कुणाची ही फजिती झाली असती तर मी पोट धरून हसले असते. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. लोहार म्हणाला, कपाट खोला आणि आत नेऊन पुन्हा जोडा. हे म्हणाले, "ठोकलेली खुंटी काढायची म्हंजी लाकूड फुटतंय. मग ते कपाट न्हवं." तात्या म्हणाले, वरचा काठ कापून टाक. ह्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांनी पुढं तोंडच उघडलं नाही.

आणि नेमकी त्याच वेळी नव्या पेठेतल्या एका सराफाची बायको दुकानात आली. तिला लेकीच्या घरासाठी कपाट पाहिजे होतं. दुकानात कुणी दिसेना म्हणून डोकावत माजघरापर्यंत आली. बघितलं, आणि तिथंच उभी राहिली. दार उघडून बघितलं, जाळी बघितली, हात फिरवला. "मिस्त्री," ती म्हणाली, "मागाल ते देते, हे मलाच द्या. आणि अशीच आणखी दोन करा, लेकीला आणि सुनेला. तुमच्या दारातनं तर हे जातही नाही. आमचं दार मोठं आहे."

ह्यांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला चांगली ठाऊक होती. वकिलाच्या वेळी तीच, जॉबरच्या वेळी तीच. तीन कपाटांचं काम म्हणजे वर्षाची बेगमी, तेवढं मलाही समजत होतं. मी चुलीकडं तोंड फिरवलं. मनात म्हटलं, आता म्हणतील पुढलं तुझं, आणि मी काही बोलणार नाही. चूक कपाटाची नाही, दाराची नाही, माझ्या नशिबाचीच.

"ह्याची सुपारी घेतलीया, बाईसाहेब," हे म्हणाले.

"कुणाची?"

"हाय एक गिऱ्हाईक. लई दिवस थांबलंय."

मी वळले. हे स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले होते. ती चौकट साधी नव्हती. माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं घडवलेली, वर कमळ कोरलेलं, दोन्ही अंगांना वेली. दर दसऱ्याला हे तिला तेल लावायचे. ह्यांनी वाकून त्या चौकटीच्या पायाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि पटाशी आणि हातोडा घेतला.

"अहो!" मी ओरडले. "मामंजींच्या हातची चौकट हाय ती!"

ह्यांनी पटाशी भिंतीच्या आणि चौकटीच्या मधे लावली. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "हाय की. पर त्यांनीबी माझ्या आईला कपाट केलं न्हवतं. गाडगी उतरवता उतरवता म्हातारी झाली आन् गेली."

आणि पहिला घाव घातला.

सराफाची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. माती पडली, चुना पडला, माझी पुसलेली फरशी पांढरी झाली. दुपारपर्यंत चौकट निघाली. मोडली नाही हो, अख्खी निघाली, इतक्या हळुवार हातानं काढली. मग चौघांनी उचललं आणि माझं कपाट आत गेलं, माझ्या भिंतीशी जाऊन बसलं. मी वरच्या फळीवर मिठाची बरणी ठेवली. चवडे उचलावे लागले नाहीत. मला सासूबाई आठवल्या, मी त्यांना फार थोडे दिवस बघितलं होतं. मी चारचौघांत, सराफाच्या बायकोसमोर, नवऱ्याच्या पाया पडले, आणि ते "अगं, अगं" म्हणत मागं सरताना खणाला धडकले.

त्या बाईनं तिन्ही कपाटांची सुपारी नंतर ठेवलीच.

भिंतीतल्या भगदाडाच्या कडा ह्यांनी लिंपून नीट केल्या, पण तिथं दार पुन्हा बसवलं नाही. मोठ्या मापाची नवी चौकट करायची होती, ती पुढं कायमची राहूनच गेली. सुताराच्या घरी दार नाही म्हणून लोक हसायचे. पण तेव्हापासनं दुकानातल्या ठोकळ्यावरून माझी चूल सरळ दिसायची, आणि चुलीपासनं त्यांची वाकलेली पाठ. त्यांनी मान वर केली की मी दिसायची. मी मान वर केली की ते. पुढची तेवीस वर्षं आम्ही दिवसभर तसेच एकमेकांसमोर होतो. ते गेल्यावर आमचा मुलगा म्हणाला, "आई, आता तरी तिथं दार बसवू का?" मी नको म्हटलं.